चिरंजीव बेस वाजवतात

मु. जामसर, ता. जव्हार, जि. ठाणे
गुरुवार, १७ ऑक्टोबर २००२

श्रीयुत गौतमराव यांस,

जामसरहून सुकऱ्या भोये याचा साष्टांग नव्हे, पण मनापासून नमस्कार. (साष्टांगाला कंबर तयार नाही, आणि तुम्ही माघीचे थोरले भाऊ असलात तरी माझ्याहून आठ महिन्यांनी लहानच आहात.) सौ. प्रतिभावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं ऐकलं. माघी म्हणते, दादाला कळवा, कळव्याला चार जिने चढून राहायचं तर देवाकडून गुडघे जास्तीचे मागून आणायला हवे होते. इकडे सगळं ठीक. भात पिवळं झालं, नागली खळ्यावर आली, माघीचा खोकला गेला, माझ्या रक्तात साखर आली आणि म्हैस आटली. (यांपैकी फक्त म्हशीची गावात चौकशी होते.)

तुमचं कार्ड दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. त्यात दोनच ओळी : 'कमलेश हल्ली काय करतो? लग्नाचं कुठवर आलं?' गौतमराव, हे प्रश्न तुम्ही विचारावेत याचं मला नवल वाटलं. चांगली कालवड सांभाळायला न्यावी, तिची माकडीण करून परत धाडावी आणि वर कार्ड टाकून विचारावं की हल्ली दूध किती देते? असो. तुम्ही विचारलंत, मी सांगतो. तीस वर्षं मुलांना 'थोडक्यात उत्तरे लिहा' असं सांगून सांगून कंटाळलो आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

१९९३ च्या जूनमध्ये मी स्वतः कमलेशला तुमच्या दारात आणून सोडलं. बरोबर पत्र्याची पेटी आणि नव्या तांदळाची गोणी. बारावी सायन्सला अठ्ठावन्न टक्के, दंड बापाच्या शेतावर तयार झालेले, स्वभाव गरीब, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच : 'बरं.' बेत असा होता की पोरगा बी.एस्सी. होईल, बी.एड. होईल, इकडच्या कुठल्यातरी शाळेत लागेल आणि मी मरेपर्यंत त्याच्याबद्दल चारचौघांत बोलत बसेन. पहिलं वर्ष तो पास झाला. दुसऱ्या वर्षी तुमच्या इमारतीच्या गच्चीवर तीन पोरांनी रॉक बँड काढला. (रॉक म्हणजे खडक हे मला ठाऊक होतं. जामसरच्या शेतात तो भरपूर आहे. पण तो कुणी वाजवत नाही, आम्ही त्यावर कुदळ मोडतो.) गच्चीचा जिना अरुंद, त्यांचा स्पीकर कपाटाएवढा, आणि तिघांचे दंड असे की फुलपाखरू बसलं तरी वाकावेत. आमचे चिरंजीव वहिनींचे पापड गोळा करायला वर निघाले होते. त्यांनी तो स्पीकर भाताच्या भाऱ्यासारखा डोक्यावर घेतला आणि वर नेऊन ठेवला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने विचारलं, "तू बेस वाजवशील का?" कमलेश म्हणाला, "बरं."

एवढीच त्याची संगीत साधना. पुढे मला कळलं, की चौघांच्या बँडमध्ये गाणं सगळ्यांना हवं असतं, पुढची सोलो गिटार सगळ्यांना हवी असते, ड्रम बडवायला तर कुणालाही आवडतं. बेस गिटार मात्र कुणालाच नको असते. लग्नात पंगतीला लाडू वाढणारे पुष्कळ पुढे येतात, उष्ट्या पत्रावळी उचलायला एकच जण असतो, तसं ते वाद्य. आणि हे सगळं तुमच्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः डोक्यावर, एका स्लॅबच्या अंतराने चाललं होतं. त्याच महिन्यात तुम्ही मला लिहिलंत, 'अभ्यास उत्तम चालू आहे, गच्चीवर शांतपणे बसतो.' ते कार्ड मी जपून ठेवलं आहे.

बँडचं नाव 'रस्टी क्राउन'. मी शाळेतला शब्दकोश काढून बघितलं : गंजलेला मुकुट. मी त्याला लिहिलं, बाबा, आपण जुन्या संस्थानातली माणसं, हे नाव निदान दसऱ्याच्या दिवसांत जव्हारात मोठ्याने घेऊ नकोस. त्याचं उत्तर आलं : 'बरं.'

९५ च्या दिवाळीत तो ती गिटार घेऊन घरी आला. आमची शेजारीण वेणूबाई तुम्हाला आठवत असेल (तुमच्या लग्नात तिने वरणात दोनदा मीठ घातलं होतं, ती). तिने अंगणातच गाठलं.

"पोऱ्या, काय वाजवतो तू?"

"बेस."

"बेस वाजवतो तर चांगलंच हाये. पण वाजवतो काय?"

"बेस, मावशी."

"आरं, बेसच वाजवत असशील, मी कुठं नाय म्हणते? पण पेटी, का ढोलकी, का काय?"

"बेसच."

(आपल्याकडे 'बेस' म्हणजे उत्तम, झकास. ठाण्याला राहून विसरला असाल म्हणून लिहितो.) हा संवाद माझ्या घड्याळाप्रमाणे वीस मिनिटं चालला. शेवटी वेणूबाई माघीला बाजूला घेऊन म्हणाली, पोरगं शहरात जाऊन बिघडलं, स्वतःच्या तोंडाने स्वतःची तारीफ करतंय. माघीला वेगळीच काळजी होती. तिने तारा मोजल्या होत्या. बाजारात फोटोतल्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच. "दोन गाडीत पडल्या काय रं?" असं तिने दोन दिवस तीनदा विचारलं.

खरी गंमत पुढे. त्या वाद्याला विजेचा डबा जोडल्याशिवाय आवाज नाही. डबा ठाण्याला, आणि वीज कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे चिरंजीव सकाळपासून ओट्यावर बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, मान हलते, उजव्या हाताची दोन बोटं चालतात, आणि ऐकू काहीच येत नाही. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची, मग माझ्याकडे बघून हळहळायची. चौथ्या दिवशी माघीने भगताला बोलावलं. (हे मी लिहिलं असं तिला सांगू नका. तिच्या मते तो सहज आला होता.) भगत समोर बसला, विडी संपेपर्यंत बघत राहिला, मग उठून त्याने गिटारीच्या लाकडाला कान लावला.

"आवाज हाये," तो म्हणाला. "खाली बसलाय. दाराला टेकवून बघ."

कमलेशने गिटारीचं टोक आमच्या सागवानी दाराला टेकवलं आणि सगळ्यात जाड तार ओढली. गौतमराव, फळीवरचे डबे कुरकुरायला लागले. हंड्यातलं पाणी थरथरलं. मांजर माळ्यावरून उतरलं आणि वेणूबाईकडे राहायला गेलं, ते अजून तिकडेच आहे. तीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला शिकवत आलो की कंप पावणाऱ्या वस्तूपासून ध्वनी निर्माण होतो. ते वाक्य मला स्वतःला त्या दिवशी कळलं. अर्थात मी तसं बोललो नाही. मी म्हणालो, "पुरे आता, दार निखळेल."

बी.एस्सी. तो तिसऱ्या खेपेला झाला. (त्याचं श्रेय वहिनींना. तुम्हाला नाही.) आणि मग ९७ साली ठाण्याच्या एका कॉलेजात बँडांची स्पर्धा होती, तिला मी आलो होतो. तुम्हीही येणार होता, पण नेमका त्या संध्याकाळी तुमचा गुडघा दुखला. गुडघा हा फार सोयीचा अवयव आहे. मी धोतर-टोपीत पहिल्या रांगेत बसलो, आजूबाजूला सगळे काळे शर्ट. पोरांना वाटलं मीच उद्घाटक आहे; एकाने मला गुच्छ दिला, तो मी घेतला. रस्टी क्राउनची पाळी आली. गाणारा मुलगा असा ओरडला, जसा काही अनवाणी पाय निखाऱ्यावर पडला. सोलोवाला गुडघ्यांवर बसला, मग पाठीवर आडवा झाला आणि तसाच वाजवत थरथरू लागला. फिट आली समजून मी शेजाऱ्याला म्हटलं, कुणाकडे कांदा आहे का बघा, हुंगवायला. ड्रमवाला दिसतच नव्हता, फक्त काठ्या उडत होत्या. आणि या सगळ्या भुताटकीच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, जव्हारच्या स्टँडवर खोडाळा गाडीची वाट बघणाऱ्या उतारूप्रमाणे आमचा कमलेश उभा. हलत नाही, डुलत नाही. बोटं तेवढी चालू.

शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, तुमचा कोणता?"

मी म्हटलं, "तो मागचा."

"कुठला मागचा?"

"ड्रमच्या बाजूला बघ. कोपर दिसतंय ना? तो."

दुसरा नंबर आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून आला : तीन पोरं आणि एक कोपर. तो फोटो कापून मी जव्हार तालुक्यात चाळीसेक जणांना दाखवला. (फोटो चांगला छापला होता, कागद वाया जाऊ नये म्हणून.) आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, चेहरा कुठे आहे?" मी म्हटलं, चेहरा काय, कुणालाही असतो.

९९ साली त्यांची कॅसेट निघाली. आतल्या कागदावर चौघांची नावं, त्यात आमचं नाव 'कमळेश भोईर'. एका माणसाच्या नावात दोन चुका करायला शिक्षण लागतं. ती कॅसेट आम्ही घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली. माघीने पूर्ण एक बाजू ऐकली, उलटून दुसरी ऐकली, मग विचारलं, "आपला कुठं हाये?" कमलेश खाली मान घालून म्हणाला, "आई, ह्या टेपातून मी येत नाय. लहान डबा आहे ना, खालचा आवाज त्याला झेपत नाय." म्हणजे सगळे आले, आमचा तेवढा राहिला. तो ठाण्याला परतल्यावरही माघी रोज भांडी घासताना तीच कॅसेट लावायची. एकदा मी चिडून म्हटलं, पोरगा ऐकू येत नाही तर ती आरडाओरड लावतेस कशाला? ती म्हणाली, "मधी मधी मोकळी जागा हाये. तिथं तो असंल."

मी टेपात नवे सेल घातले. यावर तुम्ही काही लिहू नका.

मग २००१ साली मुकुट पुरता गंजला. गाणाऱ्याने बंगलोरला कॉम्प्युटर धरला, सोलोवाला अमेरिकेला गेला, ड्रमवाला वडिलांच्या फरशीच्या दुकानात बसला. चौघांत वाद्य सुटलं नाही ते एकाचंच, ज्याने ते कधी मागितलं नव्हतं. पण एकट्या बेसवाल्याचं काय करायचं? तो म्हणजे गाडीशिवायचा बैल. कमलेश घरी आला. सकाळी शेत, दुपारी दार. (दार म्हणजे तेच. आता ते खरंच निखळलं आहे.) शेवटी जव्हारचा चंद्रा त्याला घेऊन गेला. चंद्राची बँजो पार्टी तुम्ही बघितली असेल. लग्नाच्या मोसमात टेम्पोवर जनरेटर, मोठाले स्पीकर, बँजो, कीबोर्ड, ढोल-ताशे. चंद्राने गिटार उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ह्याने काय होईल?" कमलेश म्हणाला, "तुमचं जे आहे ते भारी वाटेल." एवढं लांब वाक्य तो आयुष्यात प्रथमच बोलला असावा. चंद्रा म्हणाला, "मग टेम्पोच्या मागं उभा रहा." ती जागा त्याच्या सवयीचीच होती.

आता लग्नाकडे वळतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तोच. मोखाड्याचे सोन्याभाऊ, पंचायत समितीतून निवृत्त झालेले, त्यांची मुलगी हर्षदा खोडाळ्याला प्राथमिक शिक्षिका आहे. स्थळ उत्तम. सोन्याभाऊंनी मला भर बाजारात विचारलं, "मुलगा काय करतो?" मी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "बी.एस्सी. आहे आणि बेस वाजवतो." ते खूश होऊन म्हणाले, "वाजवतो बेस, हे छंदाचं झालं. नोकरीचंही बेसच असेल." मी हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ठरलं असं, की मे महिन्यात खोडाळ्याला त्यांच्या नात्यातलं लग्न आहे, तिथे मुलाने मुलगी आणि मुलीने मुलगा सहज बघून घ्यावा. आणि त्या लग्नाची बँजो पार्टी कुणाची, तर चंद्राची.

मांडव शेतात घातला होता, एका मोठ्या सावरीच्या झाडाजवळ. झाडाच्या शेंड्याला आग्या माश्यांची तीन मोहोळं लटकत होती. ती सगळ्यांनी बघितली होती. (पण आपल्याकडे धोका सगळ्यांनी बघितला की तो कुणाचाच नसतो.) सोन्याभाऊ आणि मी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. बँजो सुरू झाला, ताशे सुरू झाले, आणि मग खुर्चीच्या पायांतून काहीतरी वर आलं. मांड्यांतून पोटात शिरलं, तिथून बरगड्यांत. भरल्या नदीतून जाताना पायाखालचा तळ हलतो तसं. आठ वर्षांत मी माझ्या मुलाला पहिल्यांदा पुरता ऐकत होतो, आणि तोही कानाने नव्हे. मी सोन्याभाऊंना कोपरखळी मारली.

"हा आमचा."

ते इकडे तिकडे बघू लागले. "कुठं?"

"तुमच्या पोटात वाजतंय ना? तो."

सोन्याभाऊंनी पोटावर हात ठेवला आणि ते बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांना आवडलं होतं, हे मी आजही पैजेवर सांगेन. तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या मामाने (मामा लोकांबद्दल मी अधिक लिहीत नाही) सावरीच्या बुंध्याशीच फटाक्यांची माळ लावली.

पुढचं वर्णन मी थोडक्यात करतो. तिन्ही मोहोळं उठली. वऱ्हाड जितक्या दिशा आहेत तितक्यांना पळालं. चंद्रा टेम्पोखाली, बँजोवाला चंद्राखाली. नवरा एकीकडे, नवरी दुसरीकडे. माणसं पाण्यात उडी मारायला धावली, पण मे महिन्यात मोखाडा तालुक्यात बुडायला पाणी कुठलं? मी मांडवातली सतरंजी अंगावर ओढून आडवा झालो. दोन क्षणांनी तिच्याखाली आणखी एक माणूस घुसला. ते सोन्याभाऊ होते. नाकाला नाक लागेल इतक्या अंतरावर, अंधारात, माश्या वर घोंगावत असताना त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, मुलगा नक्की नोकरीला कुठं आहे?"

मृत्यू जवळ दिसत असला की माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "कुठेच नाही."

"मग करतो काय?"

"आत्ता वाजत होतं तेच."

"वाजत होतं काय, वाजतंय अजून!"

आणि खरंच वाजत होतं. सतरंजीला एक भोक होतं (चंद्राच्या विडीचं असावं), त्यातून मी बघितलं. रिकामा मांडव, उलटलेल्या खुर्च्या, जनरेटर चालू, आणि टेम्पोमागे आमचा कमलेश जागच्या जागी उभा. सगळी वाद्यं बंद, त्याचं एकट्याचं चालू, सावकाश. आणि त्याच्यासमोर पंधरा पावलांवर एक मुलगी पदर डोक्यावर घट्ट ओढून तशीच निश्चल उभी. ती हर्षदा. शाळेतल्या मुलांना ती दरवर्षी शिकवते म्हणे, की माश्या उठल्या की पळायचं नाही, हात झाडायचे नाहीत. सबंध खोडाळ्यात तो धडा पाळणारी ती एकटी. गौतमराव, आमच्या चिरंजीवांच्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र कार्यक्रम असा पार पडला. श्रोते : एक शिक्षिका, आणि सतरंजीखाली दोन निवृत्त नोकर.

नंतर मोजदाद झाली. कमलेशला तीन डंख, हर्षदेला एक, मला नऊ, सोन्याभाऊंना अकरा, त्यांपैकी दोन नाकावर. फटाके लावणारा मामा तिसऱ्या दिवसापर्यंत सापडला नाही, म्हणून सगळ्यांनी दोष दिला तो बेसला. म्हणे, त्या खालच्या आवाजाने झाड हादरलं. मी वाद घातला नाही. आठ वर्षांत लोकांनी पहिल्यांदा मान्य केलं होतं की माझ्या मुलाचा आवाज येतो. सोन्याभाऊंनी मात्र निरोप धाडला : असल्या वाद्याच्या घरात मुलगी देणार नाही.

मुलीने ऐकलं नाही. चार महिने बापाशी अबोला धरला आणि सप्टेंबरात आम्हा तिघांना जव्हारजवळच्या शिरपामाळावर बोलावलं. ती दोघं कड्याच्या बाजूला, आम्ही दोघं बाप मागे दगडावर, दरी बघतो आहोत असं दाखवत. वारा आमच्या दिशेने होता.

"तुम्ही त्या दिवशी पळाला का नाही?" तिने विचारलं.

"मला कुणी थांब म्हणालं नाही."

"माश्या चावत होत्या ना?"

"हो. पण गाणं अर्धं होतं." मग त्याने विचारलं, "तुम्ही?"

"आधी भीतीने उभी होते," ती म्हणाली. "मग बाकीचा गोंगाट गेला आणि खाली काय चाललंय ते कळायला लागलं. मग ऐकायला थांबले."

सोन्याभाऊ खोकले. ती वळून स्पष्ट म्हणाली, "बाबा, मला पसंत आहे." सोन्याभाऊंनी नाक चाचपलं आणि एकच अट घातली : मुलाला कायमची नोकरी. आणि ते स्वतःच कामाला लागले. कुठे कुठे अर्ज केले, कुणाकुणाला भेटले कोण जाणे, पण दसऱ्याच्या आठवड्यात मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत प्रयोगशाळा सहाय्यकाची ऑर्डर आली. सोमवार, २८ ऑक्टोबरला हजर व्हायचं.

आणि त्याच आठवड्यात चंद्राच्या दुकानात मुंबईहून फोन. कुणीतरी ती जुनी कॅसेट मोठ्या डब्यावर ऐकली होती. त्यांचा बँड देशभर दौऱ्यावर निघतोय, बेसवाला सोडून गेला, कमलेश भोये (हो, बरोबर उच्चारलं!) येईल का? त्याच सोमवारी. कमलेशने मला दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, बाबा."

म्हणून ही विनंती. तुम्ही त्याचे मामा. तुमचा शब्द त्याने कधी मोडला नाही. (मोडायला हवा होता, विशेषतः ९४ साली, तुम्ही त्याला पापड आणायला गच्चीवर धाडलंत तेव्हा.) तेव्हा त्याला कडक भाषेत लिहा की सोमवारी गुपचूप हजर हो, तार-बीर सगळं माळ्यावर टाक, म्हाताऱ्या बापाला आता विनोद पुरे झाले. उलट टपाली लिहा.

वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा.

तुमचा,
सुकऱ्या भोये

ता. क. — सोमवार, २८ ऑक्टोबर. जव्हार एस.टी. स्टँडवरून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर बाकाचा दोष. पत्र टाकायचं राहून गेलं. शुक्रवारी गेलो तर पोस्टात गर्दी होती, शनिवारी पेटी भरलेली वाटली, मंगळवारी चष्मा विसरलो. पुढचे दिवस कारण सुचलं नाही, नुसताच परत आलो. आज सकाळी कमलेश इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची पिशवी घेऊन निघाला. मी पोचवायला म्हणून बरोबर आलो. माघीने गिटार गोधडीत गुंडाळून माझ्या खांद्याला अडकवली. मोखाड्याची गाडी लागली. तो उठला. मी म्हटलं, बस खाली, ही आपली नव्हे. ठाण्याची अर्ध्या तासाने आहे, तोवर हे लिहून घेतो. सहा पानं पुन्हा लिहिण्याची माझ्यात ताकद नाही, तेव्हा विनंतीचा भाग वाचला नाही असं समजा.

ता. क. २ — म्हणजे हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो जेवायचा आहे. मुंबईत राहायची सोय होईपर्यंत तुमच्याकडेच राहील. तांदूळ दिवाळीनंतर पाठवतो.

ता. क. ३ — हर्षदेला माहीत आहे. अट बापाची होती, माझी नव्हे, असं तिने चिठ्ठीत लिहिलं, लग्न माघात करू म्हणाली. सोन्याभाऊंना मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी छाती होत नाही. तुम्ही दिवाळीला इकडे याल तेव्हा मोखाड्याला जाऊन तेवढं सांगून या. शहरी माणसाचं ते ऐकून घेतात. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

ता. क. ४ — कमलेशला हे पत्र वाचायला देऊ नका. त्याच्याबद्दल वाईट लिहिलंय ते त्याने वाचलं तर हरकत नाही. पण दोन-तीन ठिकाणी बरं लिहून गेलो आहे, आणि गाडी लागली म्हणून ते खोडायला वेळ मिळाला नाही.